‘बसून जाईल’ या शब्दावर विसंबू नये

मोटारीचे जुने बॉनेट, बम्पर, दरवाजे घेताना कोणती पडताळणी आवश्यक?

सिग्नलपाशी मागून आलेली रिक्षा बम्परला धडकते, सोसायटीच्या अरुंद वाहनतळात खांबाला दरवाजा घासतो, नाहीतर घाटातल्या धुक्यात पुढची गाडी अचानक थांबते आणि बॉनेट चुरगळते. इंजिनाला धक्का लागलेला नसतो, गाडी चालू असते; पण सर्व्हिस सेंटरने दिलेल्या खर्चाच्या अंदाजावर नजर गेली की मालकाचे पाय आपोआप जुन्या सुट्या भागांच्या बाजाराकडे वळतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार ही त्यासाठीची परिचित ठिकाणे. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, डिक्या, फेंडर, बम्पर तेथे छपरापर्यंत रचून ठेवलेले असतात. गाडीचे नाव सांगताच दुकानातला मुलगा शिडी लावून वरचा भाग खाली काढतो आणि ‘बसून जाईल, साहेब’ असे ठाम आश्वासन देतो.

ते आश्वासन नेहमी खोटे असते असे नाही. मात्र डेंटरच्या हातोड्यापुढे आणि ड्रिल मशीनपुढे जवळपास कोणताही पत्रा ‘बसतो’, हेही तितकेच खरे. एखादा भाग बसवता येणे आणि तो त्या गाडीसाठीच घडवलेला असणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. या अंतराची किंमत कधी पैशांत, कधी पावसाळ्यात दारातून झिरपणाऱ्या पाण्यात, तर कधी द्रुतगती मार्गावर अचानक उघडलेल्या बॉनेटच्या रूपाने मोजावी लागते.

विमा असताना जुना भाग कशाला?

हा प्रश्न साहजिक आहे. मोटार विम्याच्या प्रचलित पद्धतीनुसार दाव्याची रक्कम ठरविताना सुट्या भागांवर घसारा धरला जातो. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के असतो, गाडी कितीही नवी असो. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो : पहिले सहा महिने काहीच नाही, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांवरील गाडीला ५० टक्के. घसारामाफीचे वाढीव संरक्षण घेतले असेल तरच यातून सुटका होते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीच्या प्रत्येक दाव्यातून सक्तीची १,००० रुपयांची वजावट होते.

समजा, नवा बम्पर ८,००० रुपयांना पडला. विमा कंपनीने त्यातले निम्मे मान्य केले आणि हजार रुपये वजा केले, तर मालकाच्या हाती तीन हजार येतात. त्याच वेळी त्याचा ‘नो क्लेम बोनस’ जातो. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत मिळते. हा हप्ता १०,००० रुपये असेल, तर तीन हजारांसाठी पाच हजारांवर पाणी सोडावे लागते. दहा-बारा वर्षांच्या गाडीचा मालक अशा वेळी दावा न करता जुना बम्पर शोधतो, त्यामागे हे सरळ गणित आहे.

ज्यांच्या गाडीची कंपनीच भारतातून गेली, त्यांचे कारण याहून वेगळे आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस शेव्हर्लेची भारतातील विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. ‘बीट’, ‘फिगो’, ‘इकोस्पोर्ट’ या गाड्या रस्त्यावर आजही दिसतात. त्यांच्या मालकांना एखाद्या दरवाजासाठी किंवा डिकीसाठी जुन्या बाजाराची वाट धरावी लागते, ती केवळ काटकसर म्हणून नव्हे.

बोल्टचा भाग आणि वेल्डिंगचा भाग

बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी एक भेद स्पष्ट असायला हवा. बॉनेट, चारही दरवाजे, डिकीचे झाकण, पुढचे-मागचे बम्पर आणि बहुतेक गाड्यांचे पुढचे फेंडर हे भाग बोल्ट, स्क्रू अथवा क्लिपांनी जोडलेले असतात. ते सोडवून दुसरे लावता येतात. मागच्या चाकावरचे क्वार्टर पॅनेल, छप्पर, दारांमधले पिलर, तळाचा पत्रा आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे एप्रन हे भाग मात्र कारखान्यातच वेल्डिंगने जोडलेले असतात आणि गाडीच्या सांगाड्याचाच अंश असतात. या लेखातील पडताळणी पहिल्या प्रकाराला लागू पडते. दुसऱ्या प्रकारच्या भागांच्या बाबतीत मापे जुळली म्हणून प्रश्न सुटत नाही. अलीकडच्या मोटारींत पिलर आणि चौकटीसाठी उच्च ताकदीचे पोलाद वापरले जाते. गॅसच्या ज्योतीने ते तापविले की त्याची ताकद कमी होते. कापून आणलेला पिलर रस्त्याकडेच्या गॅरेजात जोडून घेणे म्हणजे पुढच्या अपघातात प्रवाशाभोवतीची चौकट कितपत टिकेल, हे दैवावर सोडणे होय. असा भाग स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

नाव एक, गाड्या अनेक

सर्वाधिक फसगत नावामुळे होते. कंपन्यांना लोकप्रिय नाव सोडवत नाही, आणि त्यामुळे एकाच नावाखाली एकमेकींशी काहीही नाते नसलेल्या गाड्या विकल्या जातात. मारुती ८०० चेच उदाहरण घ्यावे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली पहिली गाडी आणि १९८६ पासूनची गाडी यांची बॉडी पूर्णपणे वेगळी होती. ‘झेन’ आणि २००६ च्या अखेरीस आलेली ‘झेन एस्टिलो’ यांच्यात नावापलीकडे साम्य नाही. १९९९ ची ‘बलेनो’ डिकीची सेदान होती, २०१५ ची ‘बलेनो’ हॅचबॅक आहे. ‘सँट्रो’ १९९८ मध्ये आली, २००३ मध्ये ‘झिंग’ होऊन तिने चेहरा बदलला, २०१४ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये निराळ्याच बॉडीसह काही वर्षांसाठी परतली. होंडा सिटीच्या भारतात १९९८, २००३, २००८, २०१४ आणि २०२० अशा पाच पिढ्या झाल्या. ‘स्विफ्ट’ २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशी चार वेळा नव्याने अवतरली. तेव्हा ‘स्विफ्टचा बम्पर द्या’ ही मागणी अर्धवट आहे.

पिढीपेक्षाही चकवणारी गोष्ट म्हणजे मधल्या काळातली रंगरंगोटी, ज्याला वाहन व्यवसायात ‘फेसलिफ्ट’ म्हणतात. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टला २०१४ मध्ये असा नवा चेहरा मिळाला. दुरून पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही, पण पुढचा बम्पर आणि जाळी बदललेली आहे. २०१३ च्या गाडीला २०१५ चा बम्पर लावायचा, तर जाळी आणि फॉग लॅम्पच्या चौकटीही सोबत घ्याव्या लागतात. सुटा बम्पर स्वस्तात मिळाल्याचा आनंद मग टिकत नाही.

येथे नोंदणीपुस्तक, म्हणजे ‘आरसी’, नीट वाचणे उपयोगी पडते. बहुतेक जण नोंदणीची तारीख सांगतात. सुटा भाग ठरविण्यासाठी पाहायला हवा तो उत्पादनाचा महिना आणि वर्ष. जानेवारी २०१५ मध्ये नोंदलेली गाडी आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कारखान्यातून बाहेर पडून विक्रेत्याच्या आवारात उभी असू शकते. तसे असेल तर ती जुन्या चेहऱ्याची. त्यासोबत मॉडेलची श्रेणी, इंधनाचा प्रकार आणि सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक टिपून घ्यावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सुट्या भागांच्या खिडकीवर हा क्रमांक दिला, की त्या गाडीला नेमका कोणता भाग लागतो हे संगणकावर कळते.

याच्या उलट बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. कधी कधी नावे वेगळी आणि पत्रा एकच असतो. टोयोटाने २०१९ मध्ये आणलेली ‘ग्लान्झा’ ही जाळी आणि बोधचिन्ह सोडले तर बलेनोच होती. रेनॉची ‘पल्स’ आणि निस्सानची ‘मायक्रा’, तसेच ‘स्काला’ आणि ‘सनी’ या जोड्याही सख्ख्या बहिणींच्या. पल्सचा दरवाजा मिळत नाही म्हणून हताश झालेल्या मालकाने मायक्राचा शोधला, तर काम होऊ शकते. मात्र या जोड्यांत चेहरा वेगळा दिसावा म्हणून पुढचा बम्पर आणि जाळी हटकून बदललेली असते. आणि सारखेपणा कायमचा नसतो : २०२२ च्या नव्या बलेनो आणि ग्लान्झा यांचे पुढचे बम्पर एकसारखे राहिले नाहीत.

क्रमांक खोटे बोलत नाही

रूप फसवते, भाग क्रमांक सहसा फसवत नाही. प्रत्येक कंपनी आपल्या सुट्या भागांना ठरावीक पद्धतीने क्रमांक देते. मारुतीच्या क्रमांकात पहिले पाच अंक भाग कोणता हे दाखवितात; ७१७११ म्हणजे पुढचा बम्पर. त्यानंतरची अक्षरे-अंक कोणत्या मॉडेलचा ते सांगतात आणि शेवटची तीन रंगासंबंधी असतात. टोयोटात पुढचा उजवा फेंडर ५३८११ ने आणि डावा ५३८१२ ने सुरू होतो. म्हणजे केवळ पहिले पाच अंक जुळले तर ‘हा बम्पर आहे’ एवढेच सिद्ध होते, आणि त्यासाठी क्रमांकाची गरज नव्हती. मधला गट जुळणे महत्त्वाचे. रंगाचा गट वेगळा असला तरी बिघडत नाही, कारण रंग द्यावाच लागणार असतो.

क्रमांक वेगळे असूनही भाग जुळतो, असेही घडते. कंपनी एखाद्या भागात किरकोळ सुधारणा करते आणि जुना क्रमांक रद्द करून नवा देते. अशा वेळी नवा भाग जुन्या गाडीला लागतो, पण जुना भाग नव्या गाडीला लागेलच असे नाही. या बदलांची साखळी सर्व्हिस सेंटरच्या संगणकात असते. तेथील माणसाशी सौजन्याने बोलले, तर ती माहिती मिळण्यास अडचण पडू नये.

जुन्या मालावर क्रमांकाचे लेबल बहुधा निघून गेलेले असते, ही खरी अडचण. प्लास्टिकच्या भागावर मात्र दुसरी साक्ष मिळते. बम्पर उलटा करून आतली बाजू पुसली, की साच्यातून उमटलेला क्रमांक, प्लास्टिकचा प्रकार सांगणारी ‘पीपी’सारखी अक्षरे आणि बऱ्याचदा घड्याळासारखे लहानसे वर्तुळ दिसते. वर्तुळाच्या मध्यभागी वर्षाचे अंक आणि बाण ज्याकडे वळला आहे तो महिना. त्या महिन्यात तो बम्पर साच्यातून बाहेर पडला. २०१२ ची गाडी मोडून काढलेला ‘ओरिजिनल’ म्हणून दाखविलेल्या बम्परवर २०१८ चे वर्तुळ असेल, तर तो मधल्या काळात बदललेला आहे हे उघड होते. वर्तुळ नाही, कंपनीची खूण नाही, कडा खरखरीत आहेत, तर माल ‘लोकल’ असण्याची शक्यता अधिक. लोकल माल वाईटच असतो असे नाही. पण त्यासाठी कंपनीच्या जुन्या मालाचा भाव का द्यावा?

बम्पर : दिसायला सोपा, निवडायला अवघड

सर्वांत जास्त विकला जाणारा जुना भाग बम्परच असावा, आणि सर्वाधिक चुकाही त्याच्याच खरेदीत होतात. श्रेणीनुसार त्यात भोके बदलतात. स्वस्त श्रेणीच्या गाडीला फॉग लॅम्प नसतात, त्या जागी बंद झाकण असते. महाग श्रेणीत फॉग लॅम्प, कधी दिवसा जळणारे दिवे, कॅमेरा असतो. मागच्या बम्परचे एक वळण तर तारखेने ठरलेले आहे : १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रवासी मोटारींना मागील पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या स्वस्त श्रेणीच्या बम्परला सेन्सरची भोके नसतात. नंतरच्या गाडीला असा बम्पर लावला, तर भोके नव्याने पाडावी लागतात आणि त्यांचा कोन चुकला की सेन्सर रस्त्यालाच अडथळा समजून ओरडत राहतो. उलट प्रकारात, म्हणजे भोके असलेला बम्पर सेन्सर नसलेल्या गाडीला लावला तर ती बुजविता येतात. पण बुजविलेली जागा उन्हात वर्षभराने उमटते.

बम्परचा जीव त्याच्या कानांत असतो. फेंडरला जिथे तो अडकतो तेथील प्लास्टिकचे कान आणि खाचा तुटलेल्या असतील, तर बाहेरून चकचकीत दिसणारा बम्पर दोन महिन्यांत एका बाजूने लोंबू लागतो. चिकटवलेले किंवा तापलेल्या तारेने सांधलेले कान आतून पाहिले की ओळखू येतात. बम्परला आधार देणारे बाजूचे ब्रॅकेट आणि आतला धातूचा आडवा दांडा हे वेगळे भाग आहेत, याचाही विसर पडतो. धडकेचा आघात झेलायचा असतो तो दांड्याने. तो वाकलेला ठेवून वर नवे प्लास्टिक चढविणे, हा बाजारातला सर्रास चालणारा प्रकार. त्याला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे.

ज्या नव्या मोटारींत पुढचे वाहन ओळखणारा रडार असतो, त्यांच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी. रडार बम्परच्या किंवा जाळीच्या मागे बसविलेला असेल, तर त्या जागेवरील पुट्टी किंवा रंगाचे जाड थर त्याच्या लहरींना अडथळा करतात. बम्पर बदलल्यावर रडारची दिशा यंत्राने पुन्हा जुळवून घ्यावी लागते. अशा गाडीला दुरुस्त केलेला जुना बम्पर न लावलेलाच बरा.

बॉनेट : येथे चूक परवडत नाही

बॉनेटचे कुलूप दोन टप्प्यांचे असते. मुख्य कुलूप सुटले तरी दुसरा आकडा बॉनेटला धरून ठेवतो. बॉनेटखालची कडी, जिला कुलूप पकडते, ती काही मिलिमीटर जरी इकडेतिकडे असेल तरी बॉनेट बंद झाल्यासारखे भासते, पण केवळ आकड्यावर अडकून राहते. शहरातल्या वेगात ते लक्षात येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वारा बॉनेटखाली शिरला आणि आकडा गंजलेला असला, की बॉनेट उलटून पुढच्या काचेवर आदळते आणि चालकाला समोरचे काही दिसेनासे होते. म्हणूनच बॉनेट घेताना बिजागऱ्यांची भोके, कडीची जागा आणि आधाराची सळई अडकते ती खाच या तिन्हींची तुलना आपल्या जुन्या बॉनेटशी करावी.

बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर ठरावीक जागी दाबलेल्या घड्या असतात. त्या शोभेच्या नसतात. समोरून धडक बसली तर बॉनेट मध्यावर मुडपावे आणि सरळ काचेतून आत घुसू नये, यासाठी त्या असतात. ठोकून सरळ केलेल्या बॉनेटच्या घड्या सपाट झालेल्या किंवा त्यावर पट्टी वेल्ड केलेली आढळली, तर ते नाकारावे.

ते पिळवटलेले आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. बॉनेट सपाट जमिनीवर ठेवून समोरासमोरचे कोपरे तिरपे मोजावेत. दोन्ही मापे सारखी यायला हवीत. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांच्या बॉनेटमध्येही कधी फरक असतो. काही डिझेल गाड्यांच्या बॉनेटवर इंटरकूलरला हवा देणारा झरोका असतो, पाण्याच्या फवाऱ्याची भोके वेगळ्या जागी असतात.

दरवाजा : नुसता पत्रा की भरलेला?

दरवाजा दोन प्रकारे विकला जातो. एक नुसता पत्रा, दुसरा काच, काच वर-खाली करणारी यंत्रणा, कुलूप आणि वायरिंगसह भरलेला. भरलेला दरवाजा स्वस्त पडतो असे वाटते, परंतु वायरिंगच्या जोडणीतील पिना मोजल्याखेरीज तो घेऊ नये. हाताने काच फिरवायच्या श्रेणीचा आणि चारही पॉवर विंडो असलेल्या श्रेणीचा पत्रा एकच असला, तरी जोडण्या वेगळ्या असतात. आरशाची घडी विजेवर होते की हाताने, मुठीत चावीविना उघडण्याचे बटण आहे की नाही, यावर भोके ठरतात. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगला सूचना देणारा दाबाचा सेन्सर दाराच्या आत असतो. त्याची जागा नसलेला दरवाजा लावला, तर एअरबॅगचा दिवा सतत लागून राहतो आणि ऐनवेळी एअरबॅग फुगेल याची शाश्वती राहत नाही. दाराच्या आत आडवी मजबुतीची नळी आहे का, हेही बोटांनी चाचपून पाहावे. आपल्या गाडीच्या दारात ती असेल, तर नव्याने घेतलेल्या दारातही असलीच पाहिजे.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीचा दरवाजा असेल, तर खालची कड आधी पाहावी. पाण्याचा निचरा होण्यासाठी तेथे लहान भोके असतात. ती रंगाने किंवा मातीने बुजली, की आतून गंज सुरू होतो आणि बाहेरच्या रंगाला फोड येईपर्यंत पत्रा अर्धा खाल्लेला असतो. पुरात बुडालेल्या गाड्यांच्या भागांना हे विशेष लागू आहे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि चेन्नईत २०१५ च्या अखेरीस अनेक मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाड्यांचे दरवाजे दिसायला निष्कलंक असतात, कारण त्यांना धडक बसलेलीच नसते. दुमडलेल्या कडेत अडकलेला चिखलाचा पातळ थर मात्र खरी हकिगत सांगतो.

गॅरेजात उजवे-डावे म्हणण्याऐवजी ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. समोर उभे राहून डावा-उजवा सांगणारे गिऱ्हाईक उलट भाग घेऊन जाते. बाजू नेहमी चालकाच्या आसनावरून ठरते.

पुट्टी, लोहचुंबक आणि रंग

मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावर पोचा भरण्यासाठी पुट्टी लावली असेल, तर कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक तेथे सैल धरते. संपूर्ण भागावरून ते फिरवावे. पण काही गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची किंवा फेंडर प्लास्टिकचे असतात. तेथे चुंबक मुळीच चिकटत नाही आणि त्याचा अर्थ पुट्टी असा नव्हे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र असलेला पेंटर सोबत असेल तर उत्तम. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो; त्याच्या कितीतरी पट जाडी दिसली, तर खाली पुट्टी आहे. थोड्या पुट्टीने बिघडत नाही. बोटभर जागेतली पुट्टी आणि अर्ध्या दारावर थापलेली पुट्टी यांत फरक करावा.

‘तुमच्याच रंगाचा आहे, पेंटिंगचा खर्च वाचेल’ हे दुकानदाराचे आवडते वाक्य. सफेद रंगात ते क्वचित खरे ठरते. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांत उन्हाने फिकटलेल्या दोन गाड्यांचे रंग सारखे निघणे जवळजवळ अशक्य. रंगाचा खर्च हिशेबात धरूनच भाव ठरवावा.

आधी गाडी तपासावी

योग्य भाग आणूनही तो बसत नाही, तेव्हा दोष भागाचाच असतो असे नाही. धडकेने गाडीचे एप्रन किंवा रेडिएटरचा आधार सरकला असेल, तर नवे अस्सल फेंडरही दारापाशी घासेल. भाग घेण्यापूर्वी डेंटरकडून या जागांची मापे घ्यावीत. जुन्या मालकाने आधीच चेहरा बदललेली गाडी असेल, तर नोंदणीपुस्तकातील वर्षाप्रमाणे आणलेला भागही जुळणार नाही. म्हणून शक्य असेल तेथे काढलेला जुना भागच दुकानात नेणे श्रेयस्कर. ते शक्य नसेल तर जोडणीच्या प्रत्येक भोकाचे, शेजारी मोजपट्टी धरून घेतलेले छायाचित्र आणि पुठ्ठ्यावर काढलेला साचा सोबत असावा. बसविल्यानंतर दोन भागांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी राहिली पाहिजे. ती वर तीन मिलिमीटर आणि खाली सात असेल, तर ‘रबर लावून चालून जाईल’ हा सल्ला ऐकू नये.

माल आला कुठून?

या व्यवहारातला सर्वांत अवघड प्रश्न हाच, आणि ग्राहक तो क्वचित विचारतो. दुकानातला प्रत्येक दरवाजा चोरीच्या गाडीचा नसतो. विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवून लिलावात विकलेल्या, वय झाल्याने मोडीत गेलेल्या गाड्यांमधूनही पुष्कळ माल येतो. परंतु चोरीची गाडी पचविण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिचे तुकडे करणे, हेही जगजाहीर आहे. उत्तर प्रदेशातील मेरठचे सोतीगंज यासाठी कुप्रसिद्ध होते. पोलिसांच्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद झाला.

चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ४११ हेच सांगत होते. ‘मला कल्पना नव्हती’ हा बचाव बिल नसताना, बाजारभावाच्या कितीतरी खाली घेतलेल्या मालाबाबत दुबळा ठरतो. ज्या तुकड्यावर चासी क्रमांक कोरलेला आहे किंवा घासून काढलेला आहे, तो कोणत्याही किमतीला घेऊ नये.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याच्या केंद्रांसाठी नियम जारी केले. मान्यताप्राप्त केंद्राला गाडी स्वीकारताना ती चोरीची नोंदलेली नाही ना, हे सरकारी नोंदींत तपासावे लागते. अशा केंद्रातून आलेल्या भागाचा माग लागतो. पदपथावरच्या ढिगाचा लागत नाही. दुकानदाराला माल कोणत्या केंद्रातून अथवा लिलावातून आला हे विचारावे. उत्तर मिळाले तर बिलावर तसे लिहून घ्यावे.

बिल, परतीची बोली आणि जुना भाग

बिलावर ‘जुना पार्ट, एक नग’ एवढाच मजकूर उपयोगाचा नाही. गाडीचे मॉडेल, वर्ष, श्रेणी, बाजू, भाग क्रमांक असल्यास तो, आणि न जुळल्यास किती दिवसांत परत घेणार, हे लिहिलेले असावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, तसेच सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. प्रत्यक्षात जुन्या बाजारात कागदापेक्षा बोली अधिक चालते, त्यामुळे पूर्ण रक्कम देण्याऐवजी बयाणा देऊन भाग गॅरेजात नेणे आणि रंग देण्यापूर्वी कोरडा बसवून पाहणे, हाच व्यवहार्य मार्ग. रंग चढविलेला किंवा भोक पाडलेला भाग कोणताही दुकानदार परत घेत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

कोरडी बसवणी करताना बॉनेट किमान दहा वेळा उघडून बंद करावे, दरवाजाची काच पूर्ण वर-खाली करावी, डिकीच्या रबरावर पाण्याचा पाइप धरून आत पाणी येते का ते पाहावे. आणि गाडीचा मोडका भाग लगेच भंगारवाल्याला देऊ नये. त्यावरच्या क्लिपा, रबरी पट्ट्या, बिजागरीचे बोल्ट आणि ब्रॅकेट हे सारे त्याच गाडीचे असते. आणलेल्या भागासोबत ते बहुधा येत नाही.